मदरची खुर्ची

फार पूर्वी एका डोंगराळ मुलखात धर्मभगिनींचा एक मठ होता. नावालाच मठ! सरदाराघरच्या भगिनी गाद्यांवर बसून जेवत आणि गरिबाघरच्या त्यांची उष्टी काढत.

अशा मठात एक मदर आली. प्रार्थनेला बसली की तिचं देहभान हरपायचं, आणि उठली की ती थेट भांडी घासायला जायची. तिने नियम घातला, "एकच टेबल, तेरा खुर्च्या. खुर्ची रिकामी असेल तोवर दारात आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही." सरदार चिडले, बिशपकडे तक्रारी गेल्या. मदर बधली नाही.

वर्षं गेली आणि मदर वारली. मठ थोरल्या भगिनीकडे आला. मदरवर तिचा भारी जीव! रडून रडून ती अर्धी झाली. मदरची खुर्ची तिने कुणाला दिली नाही. रोज तिच्यावर फुलं वाहिली, पुढे मेणबत्ती लावली. लांबलांबून माणसं त्या खुर्चीला हात लावायला येऊ लागली.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी एक कुंभारीण दारात आली.

"मला मठात घ्या, ताई. नवरा गेला, दिरांनी घराबाहेर काढलं. आता प्रभूशिवाय मला कुणी नाही."

"बाई, जागा नाही गं," थोरली म्हणाली.

कुंभारणीने बोचकं उचललं आणि ती बर्फाच्या वाटेला लागली.

स्वयंपाक करणारी भगिनी तोंडाची फटकळ. ताटं मांडता मांडता म्हणाली, "ताटं बारा, खुर्च्या तेरा. जागा नाही कशी?"

"ती मदरची आहे!"

"आणि नियम कुणाचा होता?"

थोरलीला संताप आला. पण जेवायला बसली, तर समोर तीच रिकामी खुर्ची. मदरच्या मायेपोटी आपण मदरचाच शब्द मोडला, हे तिला कळून चुकलं. ती तशीच उष्ट्या हाताने धावली. घाटाच्या तोंडाशी तिने कुंभारणीला गाठलं आणि हाताला धरून परत आणलं. फुलं, मेणबत्ती स्वतः उचलली. तिला रडू आवरत नव्हतं.

"बस इथे. गरम आहे तोवर जेव."

आठवड्याने यात्रेकरू आले. मदरच्या खुर्चीत एक कुंभारीण पाव मोडून खात होती! ते भडकले.

"मग मदरची आठवण म्हणून तुम्ही ठेवलंत तरी काय?"

थोरलीने कुंभारणीच्या ताटात आणखी एक पाव वाढला.

"हिला ठेवून घेतलं," ती म्हणाली.

तात्पर्य: थोरांच्या खुर्चीला फुलं कुणीही वाहतो, त्यांचा शब्द पाळायचा तर ती खुर्ची रिकामी करून द्यावी लागते.