तांबडीचे टायर

३ डिसेंबर. पहाटेपासून दाट धुकं, घाटातला रस्ता ओला. त्या काळी गाड्या आपले टायर आपणच निवडत.

तांबडी ही दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार. गेल्या वर्षी घाटाच्या शर्यतीत ती वळणावर घसरली होती. "यंदाही वर पोचली नाही, तर हिला हॉटेलपुढे शोभेला उभी करीन," असं मालक बोलून गेला. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

दुकानात रुंद टायर छाती काढून उभा होता. "ये गं ताई! मला लाव, तरण्या गाड्या वळून वळून बघतील."

तांबडी भुलली. तिने त्याला पुढच्या चाकावर चढवून पाहिलं, पण दारातच वळताना तो मडगार्डला करकरून घासला.

"तुझं मडगार्डच अरुंद, मी काय करू?" तो फुरंगटला.

कोपऱ्यातल्या बेताच्या टायरने विचारलं, "आजी, वळताना कुठं दुखतं?"

"आजी कुणाला म्हणतोस रे?" तांबडी फणकारली. मग हळूच म्हणाली, "डावीकडे. स्प्रिंग बसलीय. आणि ओल्यात भीती वाटते."

"मग मी चालेन. माझं रबर मऊ आहे, पाणी सारायला खाचाही खोल आहेत. रुबाब मात्र नाही हं."

"रुबाबाचं मी बघते. भावंडांना घेऊन चढ."

दुपारी शर्यतीत त्याच वळणावर तिने वेग जरा आवरला आणि चारही टायरांनी रस्ता धरून ठेवला.

तांबडी अकरा गाड्यांत सातवी आली. मालकाने पुढच्या वर्षासाठी तिचं नाव नोंदवलं.