सरपंचांचा धूर आणि तळ्यातले भुंगे

तळ्याकाठच्या एका गावात हणमंतराव नावाचे सरपंच होते. माणूस कामाचा, पण केलेलं काम चारचौघांना दिसलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

त्या तळ्यात पूर्वी जलपर्णी इतकी माजली होती की पाणीच दिसत नसे. मग कृषी महाविद्यालयातल्या लोकांनी तिच्यावर बारीक तपकिरी भुंगे सोडले. ते जलपर्णीच खात. चार वर्षांत त्यांनी तिला काठापर्यंत मागे रेटलं आणि तळ्यावर पुन्हा नावा चालू लागल्या. पैलतीरावरच्या दवाखान्याची जवळची वाट तीच.

एका वर्षी गावात डास फार झाले. नाव चालवणारी तान्हूबाई म्हणाली, "सरपंच, आधी गटारं वाहती करा. घरामागचे टायर, फुटके माठ रिकामे करा."

"ते कुणाला दिसतंय, मावशी?" सरपंच हसले. त्यांनी धुराचं यंत्र आणलं. दर आठवड्याला गल्लीबोळांत पांढरा धूर निघायचा आणि लोक वाहवा करायचे. सरपंचांना चेव आला. ते यंत्र घेऊन तळ्याच्या काठावर गेले.

"अहो, तिथं आपले भुंगे आहेत!" तान्हूबाई ओरडली. "ते मेले तर जलपर्णीला आवरणार कोण?"

"किडा तो किडा. मेला तर बिघडलं कुठे?"

घ्या! विषारी धुराला काय कळणार, डास कोण आणि भुंगा कोण? भुंगे मेले. वर्ष सरायच्या आत जलपर्णीनं तळं झाकलं, आणि तिच्या आडोशाला साचलेल्या पाण्यात डास दुपटीनं वाढले.

एका सकाळी सरपंचांची सहा वर्षांची नात मंजुळा तापानं फणफणली. दुपारी ती हाकेला ओ देईना. सडकेनं दवाखाना चार तासांवर. सरपंच आणि त्यांची सून पोरीला घेऊन नावेत बसले. तान्हूबाईनं जलपर्णीच्या फटींतून नाव हाकारली, पण तळ्याच्या मध्यावर ती जलपर्णीत अडकली. वल्हं हलेना.

"मामंजी, हिला धाप लागलीय हो!" सून रडू लागली.

तान्हूबाई कोयत्यानं जलपर्णी तोडू लागली. सरपंच नावेच्या टोकाला पालथे पडून दोन्ही हातांनी ती उपटू लागले. हात सोलले. हातभर वाट मोकळी व्हायची आणि वाऱ्यानं पुन्हा बुजायची.

"मीच मारले गं ते भुंगे, माझ्याच हातानं मारले!" सरपंच हुंदके देत म्हणाले.

"रडू नका. ओढा!" तान्हूबाई म्हणाली.

दोन तासांनी नाव पलीकडे लागली. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती." मंजुळा वाचली.

सरपंचांनी ग्रामसभेत चूक कबूल केली. तळ्यावरचा धूर बंद केला, गटारं मोकळी केली, नवे भुंगे मागवले.

"आता तळं कधी मोकळं होईल?" त्यांनी तान्हूबाईला विचारलं.

"भुंग्यांना घाई नसते, सरपंच. चार वर्षं तरी लागतील."

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याची वाट उघडी ठेवायला सरपंच रोज कोयता घेऊन नावेत जाऊ लागले.

तात्पर्य: वैरी कोण आणि राखणदार कोण हे न पाहता जो सरसकट वार करतो, तो राखणदाराला गमावतो आणि वैऱ्याला मोकळं रान देतो.