पोर्टकाकूंचा पाहुणचार

पाहुण्याला "एवढंच आहे" असं सांगायची तुम्हाला कधी लाज वाटली आहे का? एका वाचनालयातल्या संगणकाच्या यूएसबी पोर्टकाकूंना वाटली. त्या रोज मोबाइलांना वीज वाढायच्या. एकदा चार्जर हरवलेला लॅपटॉप भुकेला आला.

"संकोच करू नकोस, हवं तेवढं घे," काकू म्हणाल्या.

तो काम करता करता वीज ओढत राहिला. त्याची भूक काही भागेना. काकूंवर जळायची वेळ आली, तरी त्यांना नाही म्हणवेना.

"काकू, अंग तापलंय तुमचं. खरं सांगा, किती झेपतं?"

"मोबाइलापुरतं रे, बाळा."

"मग आधी नाही का सांगायचं? मी काम थांबवून झोपतो. तुम्ही घास घास भरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपची बॅटरी निम्मी भरली होती, आणि काकू मोबाइलांना वाढत होत्या.