झुपकीची चानकी गेली बर्फात

स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. झाडावर राहायची एक खार. खार कसली, खारुटली! नाव तिचं झुपकी. अंग एवढंसं आणि शेपटी एवढी मोठी.

झुपकीचे दात होते कोवळे. दाणा फुटायचा नाही. बी फुटायची नाही. मग झुपकी खायची काय? खायची चानकी!

चानकी म्हणजे काय, ठाऊक आहे? पोळ्या लाटून होतात. परातीत उरतो कणकेचा इवलासा गोळा. त्याची इवलीशी पोळी. तीच चानकी. घरातली मेघनामावशी रोज चानकी भाजायची. खिडकीत ठेवायची. म्हणायची, "झुपके, ये गं!" झुपकी यायची तुरुतुरु तुरुतुरु. खायची कुटुकुटु कुटुकुटु.

एकदा काय झालं? मावशीला उद्यापासून कामच काम. घरातल्या शिरीषकाकांनाही कामच काम. पोळ्या करायच्या कधी? मावशी म्हणाली, "आजच करते आठवडाभराच्या."

लाटल्या पट पट. भाजल्या चट चट. डब्यात रचल्या थप थप. डबा धुतलेला होता, पण पुसलेला नव्हता. घाई ना! ओलाच डबा फ्रीजरमध्ये ठेवला. दार लावलं. धप्प!

आणि चानकी? चानकीही गेली डब्यात. मावशीच्या लक्षातच आलं नाही.

झुपकी आली तुरुतुरु तुरुतुरु. खिडकीत पाहिलं. चानकी नाही. कुंडीमागे पाहिलं. चानकी नाही. स्वतःच्या शेपटीखाली पाहिलं. तिथे कुठून असणार? झुपकीचं तोंड एवढंसं झालं.

मग तिला आला वास. उं उं उं... फ्रीजमधून! झुपकीने फ्रीजच्या दाराला नाक लावलं.

"चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
डब्या, डब्या, उघड ना!"

डबा आतून म्हणाला, "मी कसा उघडू? मला बर्फाने धरलंय घट्ट. बर्फ सोडेल, तर मी उघडेन."

झुपकीने बर्फाला हाक मारली.

"डबा उघडेना,
चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
बर्फा, बर्फा, सोड ना!"

बर्फ म्हणाला, "मी कसा सोडू? फ्रीज फुंकतोय गार गार. फ्रीज थांबेल, तर मी सोडेन."

झुपकीने फ्रीजला हाक मारली.

"बर्फ सोडेना,
डबा उघडेना,
चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
फ्रीजोबा, फ्रीजोबा, थांब ना!"

घुर्रर्र घुर्रर्र! फ्रीज म्हणाला, "मी कसा थांबू? माझं बटण चालू आहे. मावशी बटण बंद करेल, तर मी थांबेन."

झुपकी गेली मावशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"फ्रीज थांबेना,
बर्फ सोडेना,
डबा उघडेना,
चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
मावशी, मावशी, बटण दाब ना!"

मावशीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मी कशी दाबू गं? एका हातात झारा, एका हातात कढई. ओट्यावर भांडीच भांडी. कढई ठेवू कुठे? काका भांडी घासतील, तर मी बटण दाबेन."

मावशी अशी कधी बोलायची नाही. झुपकीला फार वाईट वाटलं. पण करते काय? गेली काकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी बटण दाबेना,
फ्रीज थांबेना,
बर्फ सोडेना,
डबा उघडेना,
चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
काका, काका, घासा ना!"

काका उभे होते बाह्या वर करून. हातभर साबण. नाकालाही साबण! काका म्हणाले, "मी कसा घासू बाळा? नळाला पाणीच नाही. नळ वाहील, तर मी घासेन."

झुपकी चढली नळावर. पाय सटकला. सुर्रर्र!

"काका भांडी घासेनात,
मावशी बटण दाबेना,
फ्रीज थांबेना,
बर्फ सोडेना,
डबा उघडेना,
चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
नळा, नळा, वाह ना!"

फुस्स फुस्स! नळ म्हणाला, "मी कसा वाहू? गच्चीवरची टाकी पाणी देईना. टाकी देईल, तर मी वाहीन."

गच्ची किती उंच! झुपकी चढली, चढली, चढली. पाय दुखले. ऊन लागलं. पोट गेलं खपाटीला.

"नळ काही वाहेना,
काका भांडी घासेनात,
मावशी बटण दाबेना,
फ्रीज थांबेना,
बर्फ सोडेना,
डबा उघडेना,
चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
टाकीबाई, टाकीबाई, पाणी दे ना!"

ठण्ण ठण्ण! टाकी म्हणाली, "मी कशी देऊ? मीच कोरडी ठणठणीत. खालचा पंप चालेल, तर मी पाणी देईन."

खालचा पंप! म्हणजे पुन्हा खाली. झुपकी उतरली, उतरली, उतरली. आता तुरुतुरु नाही. आता हळू... हळू...

"टाकी पाणी देईना,
नळ काही वाहेना,
काका भांडी घासेनात,
मावशी बटण दाबेना,
फ्रीज थांबेना,
बर्फ सोडेना,
डबा उघडेना,
चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
पंपा, पंपा, चाल ना!"

पंप म्हणाला, "मी कसा चालू? मला चालू करतात वॉचमन सोपानदादा. दादा उठतील, तर मी चालेन."

सोपानदादा फाटकापाशी खुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले. मान खाली. झुपकी गेली हळू... हळू...

"पंप काही चालेना,
टाकी पाणी देईना,
नळ काही वाहेना,
काका भांडी घासेनात,
मावशी बटण दाबेना,
फ्रीज थांबेना,
बर्फ सोडेना,
डबा उघडेना,
चानकी मिळेना,
पोट काही भरेना.
दादा, दादा, उठा ना!"

दादांनी डोळे उघडलेच नाहीत. पुटपुटले, "कसा उठू? घरून आज डबा आला नाही. सकाळपासून उपाशी आहे. पोटात दोन घास जातील, तर मी उठेन."

दोन घास! झुपकी कुठून आणणार दोन घास? घास होते डब्यात. डबा होता बर्फात. आणि पुढे? पुढे कुणीच नव्हतं. आता जायचं कुणाकडे? विचारायचं कुणाला?

झुपकी दादांच्या पायाशी बसली. शेपटीत तोंड खुपसलं. आणि रडली. खूप खूप रडली. आसवं पडली दादांच्या अंगठ्यावर. टप टप. टप टप.

दादांनी एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.

"कोण गं तू? रडतेस का?"

झुपकीला एवढं सगळं पुन्हा म्हणवेना. एवढंच म्हणाली, "भूक लागली."

दादा म्हणाले, "मलाही लागलीय गं पोरी. पण मी एवढा थोरला. मी दम धरीन. तू कसा धरशील?"

आणि दादांनी गुडघ्यांवर हात टेकले. "आई गं!" म्हणाले. आणि उठले!

दादा उठले, पंप चालला. घर्रर्र!
पंप चालला, टाकीत पाणी आलं. बदाबदा!
टाकीने पाणी दिलं, नळ वाहिला. धो धो!
नळ वाहिला, काकांनी भांडी घासली. खसाखसा!
भांडी घासली, मावशीने कढई ठेवली. ठक्क!
कढई ठेवली, मावशीने बटण दाबलं. खट्!
बटण दाबलं, फ्रीज थांबला. घुर्र... घुर्र... चूप.
फ्रीज थांबला, बर्फ सुटला. टिप टिप!
बर्फ सुटला, डबा उघडला. फट्ट!

डब्यात सगळ्यात वर कोण? चानकी!

झुपकीने उडी मारली. चानकीला दात लावला. कट्! अगंबाई, चानकी कडक दगड! कोवळा दात दुखला. झुपकीच्या डोळ्यांत पुन्हा पाणी.

आता मावशीने वळून पाहिलं. नीट पाहिलं. चानकी पाहिली. झुपकी पाहिली. खपाटीला गेलेलं पोट पाहिलं. मावशीचा चेहरा उतरला.

"आठवडाभराचं करून ठेवलं मी," ती म्हणाली, "आणि आज माझी झुपकी उपाशी!"

मावशीने तवा ठेवला. चानकी टाकली. चानकी मऊ झाली. फुगली टम्म! मावशीने तिच्यावर फुंकर घातली. खिडकीत ठेवली. म्हणाली, "झुपके, ये गं!"

पण झुपकी खाईना! तिने चानकी धरली तोंडात. निघाली झाडावरून खाली. तुरुतुरु तुरुतुरु! थेट सोपानदादांकडे.

दादांच्या तळहातावर चानकी ठेवली. म्हणाली, "दादा, दादा, खा ना!"

दादा हसले. त्यांनी चानकीचे केले दोन तुकडे. एक नखाएवढा. एक बोटाएवढा. मोठा तुकडा कुणाला दिला? झुपकीला!

मावशी खिडकीतून पाहत होती. तिने डब्यातल्या पोळ्या काढल्या. गरम केल्या. कढईतली भाजी वाढली. ताट काकांच्या हातात दिलं. "पळा पळा!" काका पळाले. नाकाला साबण तसाच.

दादा जेवले पोटभर. झुपकीने चानकी खाल्ली. कुटुकुटु कुटुकुटु. मग ती दादांच्या टोपीत शिरली आणि गाढ झोपली.

चानकी संपली, गोष्टही संपली. आता ज्याला भूक लागली असेल, त्याने आपलं ताट घ्यावं.