सुगिमेची धाकटी पाटी

फार फार वर्षं झाली. जपानात समुद्राकाठी मिझुओ नावाचं गाव होतं आणि तिथे सुगिमे नावाची बाई कौलं घडवायची. तिच्या कौलावर पाऊससुद्धा पाय जपून ठेवायचा, असं म्हणतात.

त्या काळी लोकांना वाटे, धर्म बुडत चालला. कागद कुजेल, लाकूड जळेल. मग कोट्यवधी वर्षांनी मैत्रेय बुद्ध येतील, तेव्हा त्यांना वाचायला काय उरेल? म्हणून गावच्या एनकाई भन्तेंनी ठरवलं, बुद्धवचनांचं सगळं सूत्र ओल्या मातीच्या पाट्यांवर कोरायचं, भाजायचं आणि टेकडीत पुरून ठेवायचं. पाट्या सुगिमे थापी, भन्ते बांबूच्या काडीने अक्षरं कोरत. दोनशे पाट्या झाल्या. शेवटची कोरून झाली आणि भन्तेंचा उजवा हात लुळा पडला. गावात दुसऱ्या कुणालाच अक्षर येत नव्हतं.

आणि नेमकी तीच पाटी भाजताना सुगिमे चुकली. बर्फ पडायच्या आत काम उरकावं म्हणून तिने ती जाळाच्या अगदी तोंडाशी ठेवली. पाटीचे तीन तुकडे झाले.

तुकडे घेऊन ती भन्तेंपुढे बसली. भन्ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की सूत्र अर्धवट असेल तर पुरण्यात अर्थ नाही. सुगिमे दोन दिवस ते तुकडे पुढ्यात घेऊन बसली.

तिसऱ्या दिवशी तिने तुकडे जुळवले, त्यांवर ओली माती दाबली, अलगद सोडवली आणि भाजली. कौलावरचं कमळ ती साच्यातून काढायची, तसंच. गाव बघायला लोटलं. अक्षरं सगळी उमटली होती, पण उलटी.

शेजारचा लाकूडतोड्या तोराजी म्हणाला, "सुगिमे, बुद्धांना निरोप धाड गं. येताना आरसा घेऊन या म्हणावं."

सगळे हसले. सुगिमेही हसली आणि हसता हसता थांबली. कमळाचा साचासुद्धा उलटाच असतो की! तिने त्या उलट्या पाटीवर पुन्हा ओली माती दाबली. अक्षरं सुलट झाली. भेगेची रेघ तिने अंगठ्याने पुसली आणि पाटी भट्टीत घातली, या खेपेला जाळापासून लांब.

तेवढ्यात बर्फ आलं. गावभर पडलं, भट्टीवर मात्र एक कणही नाही. धूर अक्षरांच्या ओळी धरून वर चढत राहिला आणि भन्ते त्याच्याकडे बघत सूत्राचा शेवट म्हणत राहिले, असं म्हणतात.

माती भाजली की आखडते. दोनदा आखडून ती पाटी बाकीच्यांपेक्षा चार बोटं लहान निघाली.

"भन्तेजी, ही धाकटी झाली," सुगिमे ओशाळून म्हणाली.

भन्तेंनी डाव्या हाताने एकेक अक्षर चाचपलं. "शब्द सगळे आहेत, बाळ," ते म्हणाले. "मैत्रेय आले की आधी हीच उचलतील. हातात छान मावते."

त्याच दिवशी गाव वाजतगाजत टेकडीवर गेलं. पाट्या पुरल्या त्या जागी बर्फातून आलूबुखाराचं झाड वर आलं आणि उभ्या उभ्या फुललं, असं म्हणतात.

उलटी पाटी तेवढी वर राहिली. आजही मिझुओत पहिलं बर्फ पडलं, की तांदळाच्या मऊ वड्या तिच्यावर दाबतात. पहिली वडी मिळते ज्याला अजून वाचता येत नाही त्याला. त्याने ती डोळ्यांसमोर धरायची, मनाला येईल ते मोठ्याने वाचायचं, आणि साऱ्या गावाने म्हणायचं, "बरोबर वाचलंस. आता खा."