राखीव कळी

फार जुनी गोष्ट आहे, समुद्रापलीकडच्या जपान देशातली, आणि चूक गुरुजींची होती. मागाहून वाद नको म्हणून हे आधीच सांगून टाकतो. चूक किड्याची नाही, तापाची नाही, त्या मुलीची तर नाहीच नाही.

गुरुजी फुलं मांडायचे. भिंतीतल्या कोनाड्यात पाइनची एक फांदी, एक शेवंती आणि भोवती मोकळी जागा. बस. पण शेवंतीचा देठ पाण्याखाली धरून, बोटांनी दाबून ते असा वळवायचे, की फूल मान वळवून कुणाची तरी वाट बघतंय असं वाटावं. हे वळण त्या घराण्यात एका गुरूकडून एकाच शिष्याकडे जायचं. लिहून ठेवायची बंदी होती. का, ते विचारायचीही.

फूल मोठं व्हावं म्हणून शेवंतीच्या बाजूच्या कळ्या खुडतात. गुरुजींनी शिष्यही तसेच वाढवले. सात जण आले. एक मोठ्याने हसला, गेला. एकाने "का?" विचारलं, गेला. शेवटी दोघं उरली. एक गुरुजींचा लाडका, बोलण्याआधीच मान डोलावणारा. दुसरी कोळ्याची मुलगी.

त्या वर्षी गुरुजी शेवटची बाजूची कळी खुडायला वाकले, तेव्हा मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही एवढी राहू द्या. मधलीला कीड लागली तर?"

"माझ्या शेवंतीला?"

लाडका खुदकन हसला. "जाळ्यात वाढलीय ना, हिला सगळीकडे भोकंच दिसणार!"

गुरुजींनी कळी खुडली. मग मुलीकडे न बघताच म्हणाले, "तूही निघ."

"पण वळण?"

"ते एकालाच शिकवतात."

शेवंतीच्या सणाला चार दिवस असताना अळीने मधली कळी पोखरली. गुरुजींनी कोनाड्यात नुसतं पाण्याचं भांडं ठेवलं. गावातले जाणते म्हातारे आले, डोळे मिटून म्हणाले, "वा! काय ही रिक्तता!" गुरुजींनी वाकून ती वाहवा घेतली. खरं सांगायची ती एक संधी होती.

सहा वर्षांनी लाडका तापाने मेला. वळण त्याच्या बोटांत होतं आणि बोटं चितेवर गेली.

तोवर गुरुजींचेही हात कापू लागले होते. जुन्या शिष्यांपैकी कुणी दार उघडलं नाही. मग एक शेवंती घेऊन ते कोळीवाड्यात गेले. मुलगी मासळीला मीठ चोळत होती.

"पोरी, शिकवतो. चल."

तिने हात धुतले. देठ पाण्यात धरला. तो चिरफळला. दुसऱ्यांदाही चिरफळला. मिठाने आणि दोरांनी तिची बोटं बधिर झाली होती.

"देठ कुठं वाकतो तेच कळत नाही हो, गुरुजी."

"पुन्हा कर."

"तेव्हा कळत होतं," ती म्हणाली आणि पुन्हा मीठ चोळायला बसली. ती रडत होती. गुरुजींना ते दिसलं, एवढंच.

त्या हिवाळ्यात गुरुजी गेले. कोनाडा रिकामाच राहिला. या वेळी कुणी वा म्हटलं नाही.

बोध: एकाला मोठं करायला जो बाकीच्यांना खुडतो, त्याच्या हाती शेवटी नुसता देठ राहतो.

चारशे वर्षांचं वळण होतं. ते आता कुणालाच येत नाही.