बोयाची ओढ

एकदा एक अर्धी बातमी पिठाच्या गिरणीतून बाहेर पडली. कुंदाताई रांगेत उभ्या राहून सांगत होत्या, "नाबर सरांनी म्हणे त्या शर्वाणीचं यंत्र स्वतःच्या हातानं फोडलंन, आणि तिला हाकल..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं सगळं पिठात गेलं. ऐकणाऱ्यांनी उरलेलं आपापल्या घरी पुरं केलं. कुणी शर्वाणीची बॅग भरून दिली, कुणी तिला संध्याकाळच्या एसटीत बसवूनही मोकळं झालं.

घडलं होतं ते असं. नाबर सर वृद्ध, साऱ्या आयुष्यात लाटांखेरीज दुसरं काही न पाहिलेले. शर्वाणी त्यांची शिष्या. लाटेवर वरखाली होणारा एक मोठा पोलादी बोया दोघांनी मिळून आखला होता. त्याच्या हालचालीतून वीज काढायची आणि ती बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याला द्यायची, असा बेत. वीज काढणारं यंत्र बोयाला जितकं अडवून धरतं, त्या अडवण्याला सर 'ओढ' म्हणत. ती ओढ किती ठेवायची, हे शर्वाणीनं संगणकातल्या समुद्रावर ठरवून धक्क्यावरच्या सलीम मिस्त्रींना सांगायचं होतं.

गेल्या वर्षीचा बोया उधाणात उसळला, त्याची उसळी रोखणाऱ्या वरच्या अडसरावर आदळला आणि तुटून खडकांवर आला. त्याच्या ओढीचा आकडाही शर्वाणीचाच होता. बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या मच्छीमार संस्थेनं यंदा स्पष्ट बजावलं होतं की वीज आली नाही तर दुसरा बोया थेट भंगारात जाईल.

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती खुर्चीत बसे, उठे, खिडकीतून समुद्र बघे, पुन्हा बसे. समोरचा चहा निवून त्यावर साय धरे. संगणकाच्या पडद्यावर बोया जरा उसळला की ती ओढ वाढवी. बोया शांत होई, तशी तीही घटकाभर शांत होई. मग वाटे, याहून मोठी लाट आली तर? आणि ती ओढ आणखी वाढवी. मिस्त्रींचा निरोप आला की उद्या सांगते म्हणे. वीज किती मिळते ते तिनं बरेच दिवस नीट पाहिलंच नव्हतं.

त्या दुपारी सर आले. तिच्या शेजारी बसले, संगणक पुढे ओढला, ओढ थेट शून्यावर आणली आणि उधाणातली सर्वांत मोठी लाट सोडली. बोया लाटेबरोबर उसळला, आणखी उसळला, अडसरावर आदळला. पडदा लाल झाला आणि गणित थांबलं.

शर्वाणीचा चेहरा उतरला. "सर, फुटला."

"फुटला. आता वीज वाच."

तिनं वाचली. शून्य. ती बुचकळ्यात पडली. इतका नाचला तरी काहीच नाही? सरांनी पुन्हा तीच लाट सोडली, या खेपेला ओढ अगदी टोकाला नेऊन. बोया खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी राहिला, लाट त्याच्या अंगावरून गेली. वीज पुन्हा शून्यच.

"वीज म्हणजे ओढ आणि गती यांचा गुणाकार," सर म्हणाले. "ज्याला काहीच अडवत नाही, तो नुसता नाचतो. ज्याला हलूच देत नाहीत, तो नुसता टिकतो. लाटेकडून काही घ्यायचं तर तिला थोडं ऐकावं लागतं आणि थोडं अडवावंही लागतं. तुझी भीती खोटी नाही बाळ. गेल्या वर्षीच्या बोयानं ती तुला शिकवली, तिलाही गणितात जागा दे. पण आकडा तिला एकटीला ठरवू देऊ नकोस. आणि हा समुद्र संगणकात ठेवलाय तो कशासाठी? बोया फोडायचा तर इथेच फोडावा. तू इतक्या दिवसांत एकदाही फोडला नाहीस, म्हणून तो कुठे फुटतो हेच तुला ठाऊक नाही."

मग शर्वाणीनं तो अनेकदा फोडला. लहान लाटेला कमी ओढ, उधाणाला जास्त, असं करत ती दोन शून्यांच्या मधली जागा शोधत गेली. वीज दिसू लागली. सगळ्यात मोठ्या लाटेला बोया अडसराच्या जवळ जाई, पण टेकत नसे. ती अजून एकदा तपासायला वळली, तेव्हा सरांनी संगणक बंद केला आणि दाराकडे बोट दाखवलं.

धक्क्यावर मिस्त्रींनी विचारलं, "ताई, आकडा पक्का ना?"

"पक्का नाही, चाचा. तपासलेला आहे."

मिस्त्रींनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि पाना उचलला.

कुंदाताई पिठाची पिशवी घेऊन तिथवर आल्याच होत्या. यंत्र फोडलंन म्हणतात, ते खरं का, असं त्यांनी विचारलं. शर्वाणी म्हणाली, हो, पण पडद्यावरचं. "आणि तुला हाकललंन?" कुंदाताईंनी पुढं विचारलं.

"हाकललं. इकडे."

कुंदाताईंचा जरा हिरमोड झाला, पण त्या निघाल्या नाहीत. पाण्यात उतरणाऱ्या बोयाकडे त्याही बघत राहिल्या. शर्वाणीची धाकधूक अजून गेली नव्हती. आज मात्र तिनं ती घट्ट दाबून धरली नाही.